दीपनगरच्या राखेचे हलके ब्लॉक : साच्यात फुगतात आणि बसतात. यात कोणतं खनिज घालावं?

तापीकाठ | ११ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमचं गाव भुसावळजवळ, तापीच्या काठाला. आजोबांपासून घरची वीटभट्टी होती. माती मिळेना, कोळसा परवडेना, मजूर टिकेना. शेवटी भट्टी बंद केली. शेड आहे, टाकी आहे, जागा आहे आणि दीपनगरचं वीज केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. राखेचे बल्कर रोज दारावरून जातात. म्हणून ठरवलं की मातीच्या विटेऐवजी हलके ब्लॉक करायचे, ज्यांना आपल्याकडे सरसकट सिपोरेक्स म्हणतात.

१०० किलो कोरड्या मालाचं माझं प्रमाण असं : राख ६०, सिमेंट २०, कळीचा चुना दळून १७, जिप्सम ३, अ‍ॅल्युमिनियम पावडर ७० ग्रॅम. पाणी ५८ लिटर. ड्रिलला पाते लावून ड्रममध्ये घोटतो.

जानेवारीत सहा घाण्या (एका वेळी कालवलेला माल ती एक घाणी) काढल्या. पहिल्या दोन फुगल्याच नाहीत. तिसरीपासून टाकीचं पाणी तापवून घेतलं. साचा निम्म्याच्या जरा वर भरला होता, वीस मिनिटांत माल काठापर्यंत आला, मधोमध घुमट आला. घरचे सगळे बघायला जमले. पस्तिसाव्या मिनिटाला घुमटाला एक भोक पडलं, फुस् असा बारीक आवाज आला, मग शेजारी दुसरं पडलं आणि बघता बघता माल चार बोटं खाली बसला. जे दोन साचे बसले नाहीत त्यांचे ब्लॉक अठ्ठावीस दिवस गोणपाट टाकून पाणी मारून सांभाळले. काल एक फोडला. नखाने उकरलं तर पीठ पडतं. कोपरा हातात येतो.

कुणी म्हणतं सिलिका फ्यूम घाल, कुणी मेटाकाओलिन, कुणी स्लॅग. नेमकं काय घालू? पैसा मोजूनच टाकावा लागणार आहे, म्हणून आधी विचारतोय.

धुळेकर_अण्णा | ११ फेब्रुवारी, रात्री १०.१५

फोटो टाका भाऊ. आणि चुना कुठला घेता, पावडर कुठली, सिमेंटच्या गोणीवर काय लिहिलंय तेही लिहा. इथे वाफकोठी ताई आहेत, त्यांनी या कामात उमेदीची वर्षं घातली आहेत. त्या बोलतीलच.

वाफकोठी | १२ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

दादा, तुमचं प्रमाण चुकीचं नाही, ते दुसऱ्या घरचं आहे. हा मसाला ऑटोक्लेव्हसाठी, म्हणजे दाबाखाली वाफ देणाऱ्या बंद कोठीसाठी, बांधलेला आहे आणि तुमच्याकडे ऑटोक्लेव्ह नाही. मी आठ वर्षं सुरतेकडच्या एका ब्लॉक कारखान्यात क्वालिटीला होते, माहेर जळगावचं. सविस्तर लिहिते, कारण इथे चुकलात तर नुसता माल नाही, घराची भिंत जाते.

आधी भोकांचं. अ‍ॅल्युमिनियमचं काम एवढंच की चुन्याच्या पाण्यात विरघळून हायड्रोजन सोडायचा. एक ग्रॅम अ‍ॅल्युमिनियममधून ४० अंशांच्या मालात साधारण १.४ लिटर वायू निघतो. ६०० किलो घनतेच्या एका घनमीटरला ०.०७ टक्के म्हणजे ४२० ग्रॅम पावडर, म्हणजे जवळपास ६०० लिटर वायू. घनमीटरमधली साठ टक्के जागा भोकांनीच भरते. तुमचा हिशोब तिथे बरोबर बसला, म्हणूनच घुमट आला.

आता ताकदीचं. कारखान्यात केक, म्हणजे साच्यात अर्धवट घट्ट झालेला माल, कापून १८० ते २०० अंशांच्या वाफेत, १० ते १२ बार दाबाखाली, आठ ते बारा तास ठेवतात. त्या दाबात राखेतली सिलिका चुन्याशी जुळते आणि टोबरमोराइट नावाचे बारीक पत्र्यासारखे स्फटिक तयार होतात. स्कॉटलंडमधल्या टोबरमोरी गावावरून हे नाव आलं. ब्लॉकची ताकद, त्याचं न आकसणं, सगळं त्या स्फटिकांमुळे. सिमेंटचा उपयोग मुख्यतः केक कापण्याइतका घट्ट होईपर्यंत. म्हणून तिथे २० टक्के सिमेंटवर भागतं.

तुमच्या शेडमध्ये ३० अंशांना ही क्रिया होत नाही. आपल्या दगडी कोळशाच्या राखेत स्वतःचा चुना फार कमी, ती सिमेंट-चुन्यातून सुटलेल्या चुन्याची वाट बघत बसते आणि थंडीत तर महिनोन् महिने निवांत बसते. अठ्ठावीस दिवसांनी तुमच्या ब्लॉकमध्ये काम केलेलं काय, तर २० किलो सिमेंट. बाकी ६० किलो राख निव्वळ भराव होऊन पडली. नखाने पीठ पडणारच.

आणि माल बसतो का? साच्यात दोन गोष्टींची शर्यत चालते, वायू सुटणं आणि माल आवळणं. वायू संपायच्या सुमाराला माल भोकं धरून ठेवण्याइतका घट्ट झाला पाहिजे. वायू आधी संपला आणि माल पातळच राहिला तर भोकं एकमेकांत मिसळतात, वर येतात, फुटतात. माल आधी आवळला तर फुगायला जागाच नाही, मग केकला आडव्या चिरा जातात. जिप्सम इथे लगाम धरतं, चुना विरण्याचा आणि सिमेंट आवळण्याचा वेग सांभाळतं.

आता मला चार गोष्टी सांगा. राख कोरडी, हॉपरमधली (केंद्रात धुरातून पकडून साठवलेली) की तळ्यातली (पाण्याबरोबर बंधाऱ्यात सोडलेली)? सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) की ओपीसी (साधं)? पावडर कुठून आणली? माल ओतताना त्याचं तापमान किती होतं?

तापीकाठ | १२ फेब्रुवारी, रात्री ८.५०

ताई, इतकं मनापासून लिहिलंत, आभार.

राख तळ्यातली, बंधाऱ्यातून ट्रॉलीने आणली. ओलीच होती, शेडमध्ये पसरून वाळवली. सिमेंट पीपीसी, दुकानात तेच मिळतं. पावडर पेंटच्या दुकानातली, चंदेरी रंगात घालतात ती. ती पाण्यावर तरंगत राहते, कितीही घोटा, ड्रमच्या कडेला चंदेरी वर्ख चिकटतो. तापमान कधी मोजलं नाही.

वाफकोठी | १३ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

मग कोणतं खनिज हा प्रश्न नंतरचा. आधी ही चार दारं बंद करू.

पावडर. रंगातल्या पावडरीवर स्टिअरिक अ‍ॅसिडचा पातळ थर असतो, म्हणून ती पाणी धरत नाही. किंचित साबणाच्या पाण्यात आधी कालवून घ्या, थर सुटतो आणि ती बुडते. खरं तर ब्लॉकसाठीची वेगळी पेस्ट मिळते, तीच घ्या. कालवलेलं लगेच वापरा, झाकण लावून ठेवू नका. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेतो. शेड दोन्हीकडून उघडी हवी, जवळ विडी नको, वेल्डिंग नको. कोरडी पावडर चुन्यापासून आणि ओलीपासून लांब, सुक्या डब्यात. कळीच्या चुन्याचा एक कण डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, घोटणाऱ्या पोरांना चष्मे द्या. हे मी अगदी हात जोडून सांगते.

सिमेंट. पीपीसीच्या गोणीत आयएस १४८९ या भारतीय मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के राख आधीच असते. म्हणजे तुमच्या २० किलोत खरं सिमेंट १३ ते १७ किलो. ओपीसी ५३ मागवा. दुकानदार दोन दिवस थांबवेल, थांबा.

राख. हॉपरमधली कोरडी राख आणि तळ्यातली राख यांत दळलेलं पीठ आणि रवा इतका फरक असतो. तळ्यातली भरड, त्यात बॉयलरच्या तळाची बॉटम अ‍ॅशही मिसळलेली, शिवाय पाण्यात पडून राहिलेली. कारखान्यात अशी राख वापरायची तर बॉलमिलमध्ये दळून घेतात. आयएस ३८१२ भाग १ पाहा : ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राहता कामा नये, न जळलेला कोळसा ५ टक्क्यांच्या आत हवा. दर खेपेला एक किलो राख बाजूला काढून, तारीख लिहून ठेवा. केंद्रात कोळसा बदलला, भार कमी-जास्त झाला की राख बदलते आणि तुमचा ब्लॉकही बदलतो. राख आपल्याला स्वस्तात पडते, तरी तिला कच्चा माल म्हणूनच वागवायचं.

आता तुम्ही विचारलेली खनिजं, वाफेशिवायच्या मालासाठी.

सिलिका फ्यूम : फेरोसिलिकॉनच्या भट्टीच्या धुरातून पकडलेली, सिमेंटच्या कणापेक्षा शंभरेक पट बारीक. चुना धरायला सगळ्यांत पुढे. पण पाणी खूप पिते. ५ टक्क्यांच्या वर गेलात की माल ड्रममधून ओतणं अवघड, मग पोरं पाणी वाढवतात आणि केलेला खर्च वाया.

मेटाकाओलिन : पांढरी काओलिन माती ६०० ते ८०० अंशांना भाजून केलेली. पहिल्या आठवड्यातच चुन्याशी जुळते, माल लवकर आवळते, म्हणून तुमचा बसण्याचा रोग यानेच जास्त बरा होईल असं माझं मत आहे. सिमेंटच्या ८ ते १० टक्के. महाग आहे, पण गोणीमागे हिशोब करा, किलोमागे नको.

स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) : चांगली, पण ती पोलाद कारखान्यांकडून येते आणि आपल्यापर्यंत यायचं भाडं मालाइतकंच. शिवाय थंडीत तीही सावकाश. तुमच्यासाठी नाही.

चुनखडीची बारीक पूड : स्वतः फारसं जुळत नाही, पण कण इतके बारीक की सिमेंटला त्यावर जमायला जागा मिळते आणि भोकांच्या भिंती दाट होतात. ५ टक्के घालून बघायला हरकत नाही, खिशाला लागत नाही.

मी तुमच्या जागी असते तर सुरुवात अशी केली असती : ओपीसी ४८, कोरडी राख ३५, मेटाकाओलिन ५, चुनखडी पूड ५, चुना ५, जिप्सम २. ओतताना माल ३८ ते ४२ अंश. दर घाणीला एकच गोष्ट बदलायची, वही घालायची.

सातपुडा_पायथा | १३ फेब्रुवारी, दुपारी २.२०

मी चोपड्याकडे भूगर्भशास्त्र शिकवतो. धागा वाचून राहवलं नाही. दोन गोष्टी.

बरेच जण राखेऐवजी क्रशरची डस्ट घालायचा विचार करतात, कारण ती फुकटात मिळते. आपला दगड बेसाल्ट. त्यात मोकळा क्वार्ट्ज जवळपास नसतो, सगळी सिलिका फेल्डस्पार आणि पायरॉक्सिनमध्ये बांधलेली. वाळूपासून हलके ब्लॉक करतात ते क्वार्ट्जच्या दळलेल्या वाळूपासून. बेसाल्टची डस्ट वाफेतसुद्धा तशी वागणार नाही, तुमच्या शेडमध्ये तर ती नुसता वजनाचा भार.

दुसरं झिओलाइट, म्हणजे सूक्ष्म छिद्रं असलेलं एक खनिज. परदेशात नैसर्गिक झिओलाइट दळून सिमेंटमध्ये आणि हलक्या काँक्रीटमध्ये घालतात, चुना चांगला धरतं. आणि आपला सावदा तर झिओलाइटसाठी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. खाणीत दगड फुटला की पोकळीत स्टिल्बाइटचे गुलाबी-पांढरे पंखे, अ‍ॅपोफिलाइटचे चकचकीत मनोरे दिसतात. पण ते पोकळ्यांपुरतं. तिकडे वापरतात ते ज्वालामुखीच्या राखेचे थरच्या थर क्लिनोप्टिलोलाइट या झिओलाइटचे झालेले असतात, यंत्राने उकरता येतात. आपल्याकडे तसा थर नाही. चार पोती जमवायला अख्खी खाण फोडावी लागेल. आणि ज्याच्या हाती असा सुंदर स्फटिक येईल त्याने तो दळू नये, ही माझी कळकळीची विनंती.

केळीवाडी_रावेर | १३ फेब्रुवारी, सायंकाळी ७.३०

आमच्याकडे केळीच्या खांबांचे ढीग लागतात. वाळवून जाळले तर राख हवी तेवढी. आणि शहाद्याकडे साखर कारखान्यात बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख मिळते. नवापूरकडे भाताचा तूसही आहे. यातलं काही चालेल का? शेतकऱ्याला दोन पैसे मिळतील म्हणून विचारतो.

वाफकोठी | १३ फेब्रुवारी, रात्री ९.१०

दादा, विचार चांगला आहे, पण केळीची राख नको. केळी जमिनीतून पालाश ओढते, तो सगळा राखेत उतरतो. पालाश म्हणजे तीव्र अल्कली. अ‍ॅल्युमिनियम त्यात भडकून वायू सोडेल, माल आवळायच्या आत सगळा निघून जाईल, आणि पुढे भिंतीवर लोणा फुटेल. ती राख शेतातच परत टाका, तिथे तिची खरी किंमत आहे.

भाताच्या तुसाची राख उत्तम, पण ५०० ते ७०० अंशांत सांभाळून जाळलेली. तेव्हा सिलिका निराकार राहते आणि चुन्याशी पटकन जुळते. उघड्यावर ढीग पेटवला की आत तापमान चढतं, सिलिका स्फटिक होते, मग ती वाळूसारखीच. रंगाने फसू नका, पांढरी शुभ्र म्हणजे चांगली असं नाही.

बगॅसच्या राखेत न जळलेला कोळसा बराच असतो, खेपेखेपेला बदलतो. दळून, तपासून, थोड्या प्रमाणात. बिनतपासाची नको.

राख कुठून आली याला किती महत्त्व आहे ते सांगते. हे ब्लॉक मुळात स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात योहान आक्सेल एरिक्सन यांनी शोधले. तिथे जळालेला अ‍ॅलम शेल नावाचा दगड चुन्यात मिसळत, ब्लॉक निळसर दिसे. त्या शेलमध्ये युरेनियम होतं. घरांतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघतो हे पुढे लक्षात आलं आणि १९७५ मध्ये तो निळा माल बंद केला. खनिज घालताना ते घरात किती वर्षं राहणार आहे हेही बघायचं असतं.

नाना_मिस्त्री | १४ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

राख बठ्ठी सारखी नही ऱ्हास भाऊ, ताई बरोबर सांगी ऱ्हायनी.

मी चाळीस वर्षं थापी धरतोय, धुळे-साक्री भागात. ब्लॉक कसा का बनेना, भिंत बांधणाऱ्याने बिघडवला तर सगळं गेलं. आपल्या गवंड्यांना लाल विटेची सवय. वीट टाकीत बुडवून काढायची, ती सवय ब्लॉकला लावली की मेलं. ब्लॉक पाणी पोटात घेऊन बसतो, गिलावा झाल्यावर उन्हाळ्यात वाळतो, आकसतो आणि कॉलमच्या कडेने उभी चीर पडते. फक्त तोंडाला ब्रशने पाणी लावा. सांधा पातळ ठेवा, जोडायचा चिकट मसाला वापरा. बीमखाली गच्च ठोकून भरू नका, थोडी फट ठेवून नंतर भरा. काँक्रीट आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी ठोकूनच गिलावा. गिलावा कडक नको, एकास सहा पुरे.

माझ्या पुतण्याच्या घराला ओले ब्लॉक लागले. गाडी आली तशी चढवली. एकेक ब्लॉक उचलताना हाताला गारवा लागत होता, तेव्हाच बोलायला हवं होतं, मी बोललो नाही. चैत्रात तिन्ही खोल्यांना चिरा. आजही त्या घरात गेलो की आधी त्या भिंतीकडेच बघतो.

तापीकाठ | १४ फेब्रुवारी, रात्री ९.३०

नाना, तुमचं वाचून पोटात गोळा आला. माझा ब्लॉक तर वाफेतला पण नाही, जास्तच आकसणार. ताई, हे किती धोक्याचं आहे?

वाफकोठी | १४ फेब्रुवारी, रात्री १०.२०

खरं सांगते, हाच मोठा प्रश्न आहे. आयएस २१८५ भाग ३ मध्ये पहिल्या प्रतीच्या ब्लॉकला वाळताना ०.०५ टक्के आकसण्याची मर्यादा आहे. वाफेतला चांगला माल ती पाळतो, बिनवाफेचा कितीतरी पट जास्त आकसतो, मग खनिज कोणतंही घाला. मेटाकाओलिन, बारीक राख, कमी पाणी यांनी ते घटतं, संपत नाही. त्यावर उपाय म्हणजे वेळ. ब्लॉक घरच्याच आवारात आकसून घेऊ द्या. आधी ओलं राखून पिकवा, मग सावलीत महिनाभर तरी वाळवा, आणि मगच विका.

आणि एक, भाग ३ ऑटोक्लेव्हच्या मालासाठी आहे. तुमच्या ब्लॉकला एएसी (ऑटोक्लेव्हमधला हलका ब्लॉक) म्हणून विकता येणार नाही. ६०० घनतेला तिथे पहिल्या प्रतीची ताकद चौरस मिलिमीटरला ४ न्यूटन मागतात, बिनवाफेत ती गाठणं फार कठीण. मला विचाराल तर अ‍ॅल्युमिनियम सोडून फेसाच्या काँक्रीटकडे वळा, म्हणजे सीएलसी. फेस वेगळा करून मालात घोटायचा. वायूची शर्यत नाही, हायड्रोजनची भीती नाही, त्याचं स्वतंत्र मानक आहे, आयएस २१८५ भाग ४, २००८ चं. राखेचा वापर तिथेही भरपूर होतो. घनता जरा जास्त ठेवावी लागते, ८०० ते १०००. लाल विटेच्या निम्म्याच्या आसपासच ती.

फक्त राखेतला कोळसा फेस खातो. घरी तपासायचं असेल तर २० ग्रॅम राख, ५० मिली पाणी, झाकणाच्या बाटलीत. फोमिंग एजंट पाण्यात पातळ करून ड्रॉपरने एकेक थेंब टाका, पंधरा सेकंद हलवा, ठेवा. पाऊण मिनिट पृष्ठभागभर फेस टिकला की थेंब मोजा. मागच्या खेपेला आठ लागले आणि या खेपेला वीस, तर ही खेप परत पाठवा.

अमळनेरचा_पाया | १५ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

मी स्ट्रक्चरल कामं करतो. या धाग्यात एक गैरसमज होऊ नये म्हणून लिहितो. लोक म्हणतात काळ्या मातीत हलकं घर चांगलं, पायाला भार कमी. दबण्याच्या बाबतीत खरं. पण आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि तो फुगवटा भार कमी असला की घराला जास्त सहज उचलतो. तापी-पांझरा-बोरीच्या खोऱ्यात एक मजली हलक्या घरांच्या जोत्याला जुलै-ऑगस्टमध्ये तिरक्या चिरा जातात त्या बहुतेक याच. हलके ब्लॉक लावायचे तर पाया मुरमापर्यंत न्या, खाली मुरमाची भर घाला, किंवा अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल जाणारे, तळाशी फुगीर केलेले खांब) करा. रुरकीच्या सीबीआरआय या बांधकाम संशोधन संस्थेने ही पद्धत अशा मातीसाठीच बसवली. ब्लॉक हलका केला म्हणून पायातले पैसे वाचवू नका.

आणि ऊन. सिपोरेक्स घेतला की घर गार, असं गिऱ्हाईक धरून बसतं. ६०० घनतेच्या ब्लॉकची उष्णता वाहण्याची क्षमता ०.२४, साध्या काँक्रीटच्या सहा-सात पट कमी, हे खरं. पण मे महिन्यात भुसावळला ४५ अंश असतात तेव्हा घर तापतं ते मुख्यतः स्लॅबवरून. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांनी हे ओळखलं होतं, वर हातभर मातीचा थर असायचा. फेसाचं काँक्रीट कमी घनतेचं, ४०० ते ६०० चं, स्लॅबवर तीन-चार इंच घालून त्यावर वॉटरप्रूफिंग केलं तर तिथे ताकद लागत नाही, आकसण्याने भिंत फुटत नाही आणि फायदा सगळ्यात जास्त. तापीकाठ, तुमच्या राखेला पहिलं गिऱ्हाईक तिथे मिळेल असं मला वाटतं.

धुळेकर_अण्णा | १५ फेब्रुवारी, रात्री ८.००

हे पटलं. माझ्या गच्चीला पहिला प्रयोग करा, मी तयार आहे.

तापीकाठ | ९ मे, रात्री १०.३०

मंडळी, तीन महिन्यांनी येतोय. वही समोर घेऊन लिहितो.

ओपीसी मागवलं. कोरडी राख मिळवायला दोन आठवडे खेटे घातले, १९९९ च्या अधिसूचनेपासून वीट-ब्लॉकवाल्यांना राख द्यायचा नियम आहे असं कळलं, अर्ज केला, मिळाली. पहिली मूठ हातात घेतली तेव्हा फरक कळला. पिठासारखी मऊ, बोटांच्या रेषांत बसते. तळ्यातली राख बोटांत करकरायची.

आधी हट्टाने अ‍ॅल्युमिनियमच्याच आठ घाण्या काढल्या, ताईंच्या प्रमाणाने. पावडर साबणाच्या पाण्यात बुडली. ओतताना थर्मामीटर. फेब्रुवारीच्या शेवटी माल ३९ अंश, बावीस मिनिटांत फुगला आणि थांबला. तसाच. मी अर्धा तास तिथून हललो नाही. चार तासांनी तारेने कापला तर कडा सरळ. मेटाकाओलिन वगळून केलेली घाणी मात्र परत दोन बोटं बसली, म्हणून ते कामाचं आहे हे माझ्यापुरतं पटलं. चुनखडीच्या पुडीने काही कळण्यासारखा फरक पडला नाही.

मग एप्रिल आला. टाकीचं पाणी दुपारी आपोआप ४० च्या वर, त्यात चुना विरतो, माल पन्नाशीला गेला, दहा मिनिटांत उकळी आल्यासारखा बाहेर सांडला. आता ओतणं पहाटे पाचला, टाकीवर गोणपाट, चुना आणखी कमी. एकच प्रमाण बारा महिने चालणार नाही हे कुठल्या व्हिडिओत सांगितलं नव्हतं.

उन्हाचा एक उपयोग केला. ब्लॉक ओले करून काळ्या प्लास्टिकखाली दहा दिवस ठेवले, आत दुपारी ५५ अंश मोजले. त्याच घाणीचे दोन सावलीत गोणपाटाखाली ठेवले होते. अठ्ठावीस दिवसांनी दोन्ही जळगावला लॅबमध्ये दिले. प्लास्टिकखालचे २.६, सावलीतले १.७ न्यूटन, घनता ७०० च्या जवळपास. ताई म्हणाल्या होत्या तसंच, मानकाच्या खाली. ते ब्लॉक मी विकले नाहीत. आमच्याच गोठ्याच्या आडभिंतीला लावले, नानांनी सांगितलं तसे तोंडाला पाणी लावून. चीर अजून नाही, पण पावसाळा जायचाय.

फेसाचं काँक्रीट मार्चपासून. बाटलीची चाचणी दर खेपेला करतो. एप्रिलच्या तिसऱ्या खेपेला नऊवरून एकवीस थेंब झाले, गाडी परत केली, ड्रायव्हर माझ्याकडे बघतच राहिला. अण्णांच्या गच्चीवर साडेतीन इंच घातलं, त्यावर वॉटरप्रूफिंग केलं.

धुळेकर_अण्णा | ९ मे, रात्री ११.०५

मी लिहितो पुढचं. दुपारी चारला खालच्या खोलीत छताला हात लावला. मागच्या मे महिन्यात तळहात ठेवता येत नव्हता, यंदा ठेवता येतो. आईला ८१ पूर्ण झाली, ती यंदा दुपारी त्याच खोलीत झोपते. शेजारच्या दोघांनी नंबर मागितला आहे.

वाफकोठी | १० मे, सकाळी ६.३०

तापीकाठ दादा, वहीची पानं वाचून फार बरं वाटलं. गाडी परत केलीत ते सगळ्यात मोठं. तीन गोष्टी लगेच : गच्चीच्या कडेला आणि पाइपाभोवती पाऊस येण्याआधी बघून घ्या, फेसाचं काँक्रीट पाणी प्यायलं की गार ठेवत नाही. जुन्या स्लॅबवर हे घालताना दर चौरस मीटरला ५० किलोच्या आसपास भार वाढतो, दुसऱ्यांच्या गच्च्या धरण्याआधी अमळनेरच्या दादांना स्लॅब दाखवा. आणि गोठ्याची भिंत दर महिन्याला एकाच जागेवरून फोटो काढून इथे टाका, बाजूला पट्टी धरून.

अमळनेरचा_पाया | १० मे, सकाळी ९.१५

रविवारी भुसावळला येतोय, येताना हॅमर आणतो. जुने स्लॅब आधी ठोकून बघू, गज कुठे गंजलेत ते कळेल. दोन्ही घरांचे पत्ते निरोपात पाठवा.

तापीकाठ | १० मे, रात्री ९.००

पाठवले. रविवारी पहाटे पाचला घाणी ओतणार आहे, जमलं तर तेव्हाच या. चहा शेडमध्येच होईल, चूल मात्र लांब मांडली आहे.